८० म्हणजे नक्की किती? उसाच्या ट्रॉलीचं टायर आणि सेन्सरचा आकडा

गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवरून गेला असाल तर हे दृश्य तुम्हाला नवीन नाही. पुढे ट्रॅक्टर, मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्या मागे ओव्हरटेकची वाट बघत ताटकळलेल्या आठ-दहा गाड्या. आपलं लक्ष असतं ते डोक्यावर झुकलेल्या मोळ्यांकडे. आज जरा खाली बघूया, ट्रॉलीच्या टायरकडे.

माझं पीएचडीचं काम सेन्सरकडून येणाऱ्या आकडेवारीवर आहे. मोजलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा आणि कधी ठेवायचा नाही, हा त्यातला मुख्य प्रश्न. या प्रश्नाकडे मी वळले त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या हुशारीची नाही. तुमच्यापैकी जे नेट-सेटची तयारी करत आहेत किंवा पीएचडीला विषय शोधत आहेत, त्यांच्यासाठी ती मुद्दाम सांगते.

मी दिलेला सल्ला

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. जानेवारीत सुट्टीला गावी गेले होते. काकांचा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढायचा. एके दिवशी दुपारी फडातून निघालेली भरली खेप पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी थांबली होती. ड्रायव्हरमामा मागच्या ट्रॉलीची हवा बघून घेत होते. सकाळी निघताना चारही टायरांत ८० पीएसआय हवा भरलेली होती. दुपारी गेज ९३ दाखवत होतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, हवा वाढलीय की! तुम्ही शिकलेल्या, सांगा आता."

मी लगेच सांगितलं. उन्हाने हवा तापते, तापली की दाब वाढतो, दाब फार वाढला की टायर फुटतं. "सोडा थोडी. ८० करा." मामांनी चारही टायरांतली हवा सोडून ८० वर आणली.

दुसऱ्या दिवशी रात्री त्याच ट्रॉलीचं मागचं डावं टायर गेलं. ट्रॉली कलली, वरच्या मोळ्या रस्त्यावर आल्या. कुणाला लागलं नाही. पण त्या रस्त्याला दिवे नव्हते, ट्रॉलीच्या मागच्या बाजूला रिफ्लेक्टरही धड नव्हता. दुसरी ट्रॉली येऊन ऊस उचलेपर्यंत मामा मागे पन्नास पावलांवर बॅटरी हलवत उभे राहिले, पहाटे चारपर्यंत. दोन-तीन मोटारसायकली अगदी जवळ येऊन वळल्या. अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागून धडकून माणसं जातात हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. मामांनाही होतं, म्हणून तर ते ट्रॅक्टरवर बसून राहिले नाहीत.

ते टायर माझ्या सल्ल्यामुळेच गेलं का? हे मी सिद्ध करू शकत नाही. टायर जुनं होतं, ट्रॉली नेहमीसारखी जास्त भरलेली होती, आणि त्या रात्रीचा एकही आकडा कुणाकडे नाही. एका घटनेवरून कारण ठरवता येत नाही, हे संशोधनात आपण पहिल्यांदा शिकतो. पण माझा सल्ला चुकीचा होता एवढं मात्र नक्की सिद्ध करता येतं. त्यासाठी अकरावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

ट्रॉलीचं टायर ड्रायव्हरला काही कळवत नाही

आधी एक साधा प्रश्न. कारचं टायर बसलं तर आपल्याला कळतं कसं? स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, गाडी जड वाटते, सीटखाली धडधड जाणवते. म्हणजे ड्रायव्हरचं शरीर हाच एक सेन्सर असतो.

ओढल्या जाणाऱ्या वाहनाचं तसं नसतं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी असते ती एक पिन. तिच्यातून ओढ पुढे जाते, पण मागच्या चाकाची कुरकुर पुढे येत नाही. त्यात ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज आणि मध्ये आख्खी एक ट्रॉली. दुसऱ्या ट्रॉलीचं टायर निम्मं बसलं तरी ड्रायव्हरला पत्ता नसतो. कळतं तेव्हा टायरच्या चिंध्या झालेल्या असतात किंवा मागून कुणीतरी हॉर्न वाजवत हात करत असतं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत लोक पिकअपच्या मागे बोट किंवा राहायची ट्रेलर जोडून शेकडो मैल जातात, त्यांचीही हीच अडचण. फायरस्टोनची टायरं आणि फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे अपघात गाजल्यानंतर तिथे २००० साली कायदा झाला. त्यातून पुढे नव्या कार आणि हलक्या वाहनांत टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नियमात ट्रेलर आले नाहीत. युरोपीय संघाने साडेतीन टनांवरच्या ट्रेलरना अशी यंत्रणा सक्तीची केली ती अलीकडे: जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या ट्रेलरना. म्हणजे ज्या टायरची खबर ड्रायव्हरला सगळ्यात कमी लागते, त्याच्याकडे लक्ष सगळ्यात उशिरा गेलं.

सेन्सर कसा काम करतो?

यंत्रणा दोन प्रकारच्या असतात. एक अप्रत्यक्ष. हवा कमी झाली की टायरची फिरण्याची त्रिज्या किंचित कमी होते आणि चाक जरा जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे सेन्सर चाकाचा वेग मोजतातच, त्यावरून अंदाज बांधायचा. उसाच्या ट्रॉलीला एबीएस नसतं, त्यामुळे हा प्रकार इथे बाद.

दुसरी प्रत्यक्ष. टायरच्या आत रिमवर किंवा बाहेर व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपणासारखा एक छोटा सेन्सर बसवतात. तो दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओने ड्रायव्हरपुढच्या स्क्रीनवर पाठवतो. बॅटरी घड्याळात असते तसल्या चपट्या सेलची, म्हणून तो सतत पाठवत बसत नाही. चाक फिरायला लागलं की जागा होतो, साधारण मिनिटाला एकदा वगैरे आकडा पाठवतो, आणि दाब झपाट्याने पडला तर न थांबता लगेच कळवतो.

इथपर्यंत सोपं आहे. स्क्रीनवर आकडा आला: ८०. आता सांगा, हा ८० चांगला की वाईट?

थोडं गणित

टायरचं आकारमान फारसं बदलत नाही असं धरू. मग गे-ल्युसॅकचा नियम लागू होतो: दाब भागिले तापमान हे गुणोत्तर कायम राहतं. पण इथे विद्यार्थी दोन ठिकाणी हमखास घसरतात.

पहिली घसरगुंडी तापमानाची. समजा सकाळी २० अंश सेल्सिअस होतं आणि दुपारी टायरमधली हवा ६० अंशांवर गेली. तिप्पट झालं म्हणून ८० गुणिले ३, म्हणजे २४० पीएसआय? असं असतं तर हायवेवर एकही टायर शिल्लक राहिलं नसतं. तापमान केल्व्हिनमध्येच घ्यायचं. २० अंश म्हणजे २९३ केल्व्हिन आणि ६० अंश म्हणजे ३३३ केल्व्हिन. वाढ तिप्पट नाही, साधारण साडेतेरा टक्के.

दुसरी घसरगुंडी दाबाची, आणि ही जास्त फसवी आहे. गेज शून्य दाखवतं तेव्हा टायरमध्ये हवा नसते असं नाही. बाहेर जेवढा दाब तेवढाच आत असतो. गेज फक्त बाहेरच्यापेक्षा जास्त किती ते सांगतं. नियमाला मात्र पूर्ण दाब लागतो, म्हणजे गेजचा आकडा अधिक वातावरणाचा दाब. समुद्रसपाटीला हा १४.७ पीएसआय असतो. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे तो सुमारे १३.८ भरतो.

आता करू:

सकाळचा पूर्ण दाब = ८० + १३.८ = ९३.८
दुपारचा पूर्ण दाब = ९३.८ × ३३३ ÷ २९३ = १०६.६
दुपारचं गेज = १०६.६ − १३.८ = ९२.८

म्हणजे ९३. त्या दिवशी पंक्चरवाल्याच्या गेजवर दिसलेला आकडा अगदी हाच. तापमान कुणी मोजलं नव्हतं, त्यामुळे आत ६० अंशच होते असं मी म्हणणार नाही. पण भरली ट्रॉली काही तास उन्हात चालल्यावर हवा एवढी तापणं यात नवल काही नाही. टायर अगदी ठीक होतं. त्याने जसं वागायला हवं तसंच ते वागत होतं.

आणि मी काय केलं? गरम असताना ९३ चं ८० केलं. रात्री ते टायर गार झालं असेल तेव्हा किती उरलं असेल? उलटं गणित करा: ९३.८ × २९३ ÷ ३३३ = ८२.५, त्यातून १३.८ वजा. उत्तर ६८.७.

पीएसआयच्या ८० ऐवजी ६९ घेऊन ती ट्रॉली पुढच्या खेपेला निघाली, वर तेवढाच ऊस घेऊन. हवा कमी असली की टायर खाली जास्त दबतं, प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजूची भिंत जास्त वाकते आणि सरळ होते. रबर वाकताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून ठेवून घेतं. रबर उष्णतेचा वाईट वाहक, त्यामुळे ती आतच साठते. टायर आणखी तापतं. कंपन्या टायरचा दाब "गार असताना" तपासायला सांगतात तो याचसाठी. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, सावलीत.

तोच ८०, पण गळक्या टायरचा

आता मूळ मुद्द्याकडे येते. वरच्या गणितात एक विचित्र गोष्ट लपलेली आहे.

समजा मी हवा सोडली नाही. पण टायरला बारीक गळती आहे, आणि चालता चालता त्यातली १२ टक्के हवा निघून गेली. तेवढ्यात टायर २० वरून ६० अंशांवर तापलं. गळतीने दाब कमी होतोय, तापण्याने वाढतोय. स्क्रीनवर काय दिसेल?

१०६.६ × ०.८८ = ९३.८. त्यातून १३.८ गेले, उरले ८०.

बरोबर ८०! सकाळी ८०, दुपारी ८०. ड्रायव्हर म्हणेल, एक नंबर, हवा जशीच्या तशी आहे. प्रत्यक्षात हे टायर सकाळपासून गळतंय आणि गार झाल्यावर ६९ दाखवणार आहे. आकडा हललेला नाही हीच इथली धोक्याची खूण. पण ती ओळखायची तर तापमान माहीत पाहिजे. नुसता दाब मोजणाऱ्या यंत्रणेला हे टायर निरोगी दिसतं.

इशाऱ्याचा भोंगाही इथे मदत करेलच असं नाही. अमेरिकेच्या नियमात सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा द्यायचा असं ठरलं आहे. तोच हिशोब आपण लावला तर ८० ला इशारा ६० वर वाजेल. गार टायरसाठी ठीक. पण ६० अंशांना तापलेलं टायर जेव्हा ६० पीएसआय दाखवतं, तेव्हा त्याचा गार दाब असतो (७३.८ × २९३ ÷ ३३३) − १३.८, म्हणजे साधारण ५१. भोंगा वाजेपर्यंत टायर २५ नाही, ३६ टक्के खाली गेलेलं असतं.

उपाय अवघड नाही. दाब आणि तापमान दोन्ही घ्यायचे, प्रत्येक वेळी "हे टायर आत्ता २० अंशांवर असतं तर किती दाखवलं असतं" हे काढायचं, आणि इशारा त्या आकड्यावर लावायचा. काही यंत्रणा हे करतात, काही करत नाहीत. विकत घेताना खोक्यावर दोन्ही आकडे दिसतात म्हणून दोन्ही एकत्र वापरले जातात असं समजू नका.

दोन आकडे मिळून काय सांगतात?

तुम्ही संशोधनात दोन चलं एकत्र बघाल तेव्हा हा नमुना कामाला येईल.

१. तापमान वाढलं, दाबही गणिताप्रमाणे वाढला: टायर फक्त चालून तापलंय. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात हे होणारच.

२. सगळ्याच टायरांचं तापमान नेहमीपेक्षा जास्त, दाबही त्याप्रमाणे: भार जास्त, वेग जास्त किंवा ऊन जास्त.

३. तापमान वाढलं, दाब मात्र जागचा हलला नाही किंवा कमी वाढला: गळती. वरचं उदाहरण हेच.

४. एकच चाक तापलं, दाबही त्याप्रमाणे वाढला, शेजारचं चाक मात्र नेहमीसारखं: हवेत दोष नाही. बेअरिंग जाम होतंय, ब्रेक असला तर तो घासतोय, किंवा भार एकाच बाजूला आलाय.

५. तापमान तेच आणि दाब धाडकन खाली: पंक्चर. इथे गणित करत बसू नका, गाडी बाजूला घ्या.

यातल्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. ट्रॉलीत ऊस भरल्यावर टायरचा दाब खूप वाढत असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. भार वाढला की टायर खाली पसरतं, रस्त्याला टेकलेला भाग मोठा होतो आणि तो जास्तीचा भार पेलतो. आतल्या हवेचं एकूण आकारमान अगदी थोडं बदलतं, म्हणून दाबही थोडाच वाढतो. त्यामुळे उभ्या ट्रॉलीचा दाब बघून ती किती भरली आहे हे कळणार नाही. चालू लागल्यावर तापमान मात्र हळूहळू सांगायला लागतं.

पण हे तापमान नक्की कशाचं?

आता माझ्या रोजच्या डोकेदुखीकडे. सेन्सरवर "४५ अंश" असं आलं. कशाचे ४५ अंश?

टायरमध्ये सगळ्यात जास्त तापतो तो खांद्याचा भाग, जिथे नक्षी संपते आणि भिंत सुरू होते. तिथलं तापमान कुठलाच साधा सेन्सर मोजत नाही. रिमवरचा सेन्सर आतल्या हवेच्या जवळ असतो. व्हॉल्व्हच्या तोंडावरचा टोपणवाला सेन्सर तर बाहेर, वाऱ्यात. चाक फिरत असतं, वारा लागत असतो, त्यामुळे तो खऱ्यापेक्षा कमी सांगतो.

याने किती फरक पडतो बघा. आपलं तेच गळकं टायर घ्या: आत ६० अंश, दाब ८०. टोपणाने तापमान ४५ सांगितलं. मग आपलं गणित होईल (९३.८ × २९३ ÷ ३१८) − १३.८ = ७२.६. खरा गार दाब ६८.७. म्हणजे जवळपास ४ पीएसआयने आपण स्वतःला खोटा दिलासा दिला. गंमत अशी की ही चूक कधी इकडे कधी तिकडे होणारी नाही. ती कायम एकाच दिशेला, टायर आहे त्यापेक्षा बरं दाखवणारी. दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी ती जाणार नाही. यादृच्छिक चूक आणि पद्धतशीर चूक यातला फरक पुस्तकात वाचून माझ्या डोक्यावरून गेला होता. या टोपणामुळे तो समजला.

शेजारच्या चाकाला विचारा

मग करायचं काय? महागडे सेन्सर घ्यायचे? त्याआधी एक फुकटचा उपाय आहे, आणि प्रयोगाची आखणी शिकणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा असा आहे.

एकाच आसावरची दोन चाकं एकाच रस्त्यावरून, एकाच वेगाने, त्याच हवेत चालतात. दोघांवर तसलेच सेन्सर, तसाच वारा, जवळपास तीच चूक. मग प्रत्येक टायरचं स्वतंत्र भविष्य सांगत बसण्यापेक्षा दोघांच्या पूर्ण दाबांचं गुणोत्तर बघा. दोघं सारखीच तापली तर गुणोत्तर हलणार नाही, मग तापमान तुम्हाला नीट माहीत असो वा नसो. एक गळत असेल तर गुणोत्तर हळूहळू एका दिशेला सरकेल.

गुणोत्तर बरोबर १ असेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. एका बाजूला ऊन असतं. रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून कडेच्या चाकावर भार थोडा जास्त येतो. सेन्सरही तंतोतंत एकसारखे नसतात. म्हणून बसवण्याआधी ते सगळे एकाच टायरवर आळीपाळीने लावून आपसात किती फरक दाखवतात ते लिहून ठेवायचं. बघायचं ते गुणोत्तर किती आहे यापेक्षा ते सरकतंय का. दोन्ही टायरं सारखीच गळत असतील तर ही युक्ती फसेल, हेही ध्यानात असू द्या. प्रत्येक पद्धत कुठे आंधळी आहे ते आधीच लिहून ठेवलं की मार्गदर्शकांसमोर बसताना घाम कमी फुटतो.

न आलेला आकडा

शेवटची अडचण आकडा चुकीचा असण्याची नाही, तर न येण्याची.

हे सेन्सर बऱ्याचदा ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी वापरतात. मधे काय काय आहे बघा: पत्र्याची ट्रॉली, लोखंडी सांगाडा, आणि गच्च भरलेला ऊस, ज्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मागच्या ट्रॉलीच्या टोकाचा क्षीण संदेश या सगळ्यातून ट्रॅक्टरपर्यंत पोचला तर पोचला. म्हणून लांब ट्रेलरसाठी मधे संदेश पुढे ढकलणारं एक यंत्र बसवतात.

संदेश पोचला नाही तर स्क्रीन काय दाखवते? काही स्क्रीन शेवटचा आलेला आकडाच तसाच दाखवत राहतात. ड्रायव्हरला दिसतं ८०, पण तो वीस मिनिटांपूर्वीचा ८० असू शकतो. तुमच्या आकडेवारीच्या फाइलमध्येही हेच घडतं. रिकाम्या जागी मागचाच आकडा भरला की आलेख छान सपाट दिसतो. प्रत्येक आकड्यासोबत त्याची वेळ लिहा. न आलेला आकडा रिकामाच ठेवा. आणि कोरड्या जागा कुठे जास्त आहेत ते तपासा. भरलेल्या खेपेत आकडे जास्त गळत असतील, तर नेमके ज्या वेळचे आकडे हवेत तेच तुमच्याकडे नाहीत. मग उरलेल्या आकड्यांवर "टायरं ठीक होती" असा निष्कर्ष काढणं म्हणजे वर्गात हजर असलेल्यांनाच "कोण गैरहजर आहे?" विचारण्यासारखं झालं.

तुम्ही करून बघा

यासाठी ट्रॉली लागत नाही. घरची स्कूटर आणि हवेचं एक डिजिटल गेज पुरे.

रात्रभर उभ्या असलेल्या स्कूटरच्या मागच्या टायरचा दाब सकाळी मोजा आणि हवेचं तापमान लिहा. अर्धा तास चालवा, आल्या आल्या पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. आता गरम दाबावरून आतल्या हवेचं तापमान किती असेल ते गणिताने काढा. एकदा गेजचा आकडा थेट वापरून, एकदा वातावरणाचा दाब मिळवून. दोन उत्तरांत किती फरक येतो ते बघा.

एक सूचना: गेज लावताना आणि काढताना "फुस्" होऊन थोडी हवा जाते. म्हणजे मोजण्यानेच मोजायची गोष्ट बदलते. लागोपाठ पाच वेळा मोजा आणि दर वेळी किती कमी होतं ते आधी काढा. स्कूटरचं टायर लहान, त्यामुळे हा फरक स्पष्ट दिसेल. आणि गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला तर हवा सोडू नका. ती चूक माझ्याकडून करून झाली आहे.

मामा अजून काकांच्याच ट्रॅक्टरवर आहेत. हे सगळं गणित मी त्यांना एकदा सांगितलं होतं. केल्व्हिनपाशी ते थांबले, पण सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगवेगळा असतो आणि तुलना सकाळच्याशीच करायची, हे त्यांना पटलं. गेल्या हंगामात घरी गेले तेव्हा ट्रॉलीच्या पत्र्यावर, प्रत्येक चाकाच्या वर, खडूने आकडे लिहिलेले दिसले. त्या दिवशी पहाटे मोजलेली हवा. मागच्या फाळक्यावर नवा रिफ्लेक्टरही होता.

माझ्या आकडेवारीच्या फाइलमध्ये "गार दाब" नावाचा रकाना मी त्यानंतर पहिल्या जागी आणला. तुमच्या विषयात त्या रकान्याचं नाव वेगळं असेल. पहिला प्रयोग सुरू करायच्या आधी तो कुठला आहे तेवढं शोधून ठेवा.